पुन्हा एकदा ‘उंबरठा’

जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) मी अलिबागेत शाळकरी वयात पाहिला, तेव्हा सुलभेचा रागच आला होता. लहानग्या लेकीला जावेवर सोपवून महिलाश्रमाची अधीक्षिका व्हायला निघालेली ही कसली आई!

परवा दुकान बंद झाल्यावर तोच चित्रपट सुनेसह पुन्हा पाहिला. या वेळी स्मिता पाटील यांच्यापेक्षा माझी दृष्टी सासूवरच खिळली. समाजकार्यात रमलेली, सुसंस्कृत बाई. तरी घरातल्या सुनेची तळमळ तिला उमगत नाही. मला माझाच चेहरा दिसला. पुण्याच्या नोकरीचे पत्र सुनेने आठवडाभर माझ्यापासून लपवले होते.

चित्रपट संपल्यावर मी एवढेच विचारले, “रुजू कधी व्हायचे? नातवाला मी सांभाळीन.”