मूकपटातली माणसे धावत नव्हती

मे महिना संपत येतो आणि भंडारदऱ्याच्या धरणाभोवतीची झाडे काजव्यांनी लखलखू लागतात. पाऊस सुरू होण्यापूर्वीच्या अशा एखाद्या रात्री हिरड्याच्या झाडाखाली थोडा वेळ शांत उभे राहा. एक काजवा विझतो, शेजारचा चमकतो आणि आपल्याला वाटते, एकच ठिणगी या फांदीवरून त्या फांदीवर धावली. प्रत्यक्षात कोणीच धावलेले नसते. सुटे सुटे प्रकाश जोडून त्यांतून गती निर्माण करतो तो आपला मेंदू.

चित्रपट चालतो तो याच गुणावर. फिल्मवर असतात ती नुसती स्थिर चित्रे. आपण त्याचे कारण 'दृष्टिसातत्य' असे पाठ करतो. परंतु डोळ्यात प्रतिमा क्षणभर रेंगाळते एवढ्यानेच गती दिसत नाही. दोन चित्रांमधली हालचाल मेंदू भरून काढतो.

भंडारदऱ्याला उन्हाळी निसर्गशिबिरासाठी आलेल्या मुलांना काजवे दाखवल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या मूकपटाचा आरंभीचा भाग दाखवला. दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन', साल 1919. भंडारदऱ्याहून उत्तरेला डोंगर ओलांडले की त्र्यंबकेश्वर लागते. तेथे 1870 साली फाळक्यांचा जन्म झाला. या चित्रपटात बाळकृष्णाचे काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केले आहे. आरंभी ती आपल्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते. ती तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती.

मुले खो खो हसली. त्यांचा दोष नव्हता. चित्र भरभर पळत होते आणि मुलीचा चेहरा झटके दिल्यासारखा बदलत होता. मग मी संगणकावर तोच तुकडा वेग एक-तृतीयांशाने कमी करून पुन्हा लावला. या वेळी कोणी हसले नाही. थोड्या वेळाने एका मुलीने हळूच विचारले, "सर, ती आपल्याकडेच बघतेय का?"

वेग बदलताच असे का व्हावे? हिशेब सोपा आहे. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. वेग काटेकोर नसे, पण सेकंदाला सुमारे 16 चित्रे घेतली जात. पुढे बोलपट आले आणि ध्वनीसाठी सेकंदाला 24 चित्रे हा वेग ठरून गेला. 16 च्या वेगाने टिपलेले चित्र 24 च्या वेगाने दाखवले तर एका मिनिटाचा अभिनय 40 सेकंदांत उरकतो. चाल धावण्यासारखी दिसते, नमस्कार झटक्यासारखा. म्हणजे आपण हसतो ते त्या नटाला नव्हे, तर आपल्याच यंत्राच्या चुकीला. मूकपटातली माणसे धावत नव्हती. आपण त्यांना धावायला लावले!

वेग बदलणे मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. फाळक्यांनीच 1912 साली वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अवधीने टिपून एक छोटा चित्रपट केला होता. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पाहून लोक थक्क झाले. फाळके जादूचे प्रयोगही करीत आणि त्या वेळी आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणवून घेत. डोळ्याला कसे चकवायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. परंतु रोपाची गती वाढवली तर जे दिसत नव्हते ते दिसू लागते. माणसाची वाढवली तर जे दिसायला हवे तेच निसटते.

या तुकड्यांत मनाला चटका लावणारे असे काय आहे? भूतबीत काही नाही. मंदाकिनीच्या चेहऱ्यावरून परावर्तित झालेला प्रकाश फिल्मवरील चांदीच्या क्षारांवर पडला आणि त्याची खूण राहिली. चित्रकाराच्या चित्राप्रमाणे ती कोणी आठवणीने काढलेली नाही. शिवाय त्या काळचा अभिनय रंगभूमीच्या वळणाचा. समोर प्रेक्षक आहेत असे धरूनच केलेला. आवाज नसल्यामुळे सारा भार डोळे, भुवया, हात यांवर. म्हणून शंभर वर्षांनंतरही ती नजर आपल्यापर्यंत पोहोचते.

पोहोचतात मात्र फार थोड्या. भारतात तयार झालेल्या हजाराहून अधिक मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले. सेल्युलोज नायट्रेटची ती फिल्म झटकन पेट घेई आणि न पेटताही हळूहळू विघटित होई. कित्येक रिळे तर त्यांतली चांदी काढून घेण्यासाठीच मोडीत गेली. 1913 च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये नाटक कंपनीतल्या कमलाबाई गोखले आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांनी कामे केली. पडद्यावर दिसलेल्या या आपल्या पहिल्या अभिनेत्री. पण तो चित्रपट आज उपलब्ध नाही. 'कालिया मर्दन' आपण पाहू शकतो, कारण 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने जुनी रिळे चिकाटीने शोधून काढली.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे : शाळेत मूकपट दाखवायचा तर आधी त्याचा वेग तपासा. विनोद म्हणून दाखवू नका.

आणि विद्यार्थिमित्रांनो, एवढ्यावर थांबू नका. सह्याद्रीच्या या आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. देवदेवतांचे मुखवटे लावून सोंगे वाद्यांच्या तालावर रात्रभर नाचतात. पुढची दहा वर्षे ती पाहायला मिळतील याची खात्री कोण देईल? आज घराघरांत कॅमेरा असलेला फोन आहे. त्या कलावंतांची परवानगी घ्या. फोन एका जागी स्थिर ठेवा. पायांपासून मुखवट्यापर्यंत पूर्ण माणूस चौकटीत येऊ द्या. गाव, तारीख, सोंगाचे नाव वहीत लिहा. गाणे जोडू नका, वेग वाढवू नका.

शंभर वर्षांनी कोणी तो तुकडा पाहील. त्याने हसावे की गप्प व्हावे, हे काही अंशी तुमच्या हातात आहे.