पानावरचा प्रकाश, मजुराचे फुफ्फुस

'विज्ञान तटस्थ असते' हे वाक्य ज्यांच्या पाठीवर फवारणीचा पंप कधी आला नाही, त्यांच्याच तोंडी शोभते.

2010 मध्ये तैवानच्या संशोधकांनी एका पाणवनस्पतीच्या पानांत सोन्याचे नॅनोकण सोडले. अतिनील प्रकाशात पाने लाल चमकली आणि उद्या झाडेच रस्त्यावरचे दिवे होतील, अशा बातम्या आल्या. शेतीत मात्र चर्चा स्वस्त टायटॅनियम डायऑक्साइडची आहे. त्याचे कण प्रकाश शोषतात आणि पाणी व हवेतल्या ऑक्सिजनपासून तीव्र क्रियाशील रेणू तयार करतात. हे रेणू पानावरचे रोगजंतू मारतात. प्रकाशसंश्लेषण वाढते का, याचेही प्रयोग चालू आहेत.

पण हेच द्रावण फवारणार कोण? 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीखालील जमिनीपैकी अनुसूचित जातींकडे 9 टक्केही नाही. ज्याला जमीन नाही, तो दुसऱ्याच्या शेतात पंप उचलतो. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासातून गेल्यास कर्करोगाची शक्यता जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नोंदवली आहे. युरोपीय संघाने 2022 मध्ये खाण्याच्या पदार्थांत त्यावर बंदी घातली. तिकडच्या ग्राहकाला जी काळजी मिळाली, ती इकडच्या मजुराला कोण देणार?

2017 चे यवतमाळ आठवा. कीटकनाशकांच्या फवारणीतून वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. आणि दोष कुणाला? हातमोजे न घालणाऱ्या मजुराला! उन्हात काम करणाऱ्याला ते दिले कुणी, हे विचारले गेले नाही.

आम्ही प्रगतीच्या विरोधात नाही. 1918 मध्येच बाबासाहेबांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना भांडवल आणि औद्योगिकीकरण हा उपाय सांगितला. यंत्राला ते घाबरले नाहीत. तथागतांनीही कालामांना सांगितले की परंपरेने किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या. मग प्रयोगशाळेने सांगितले म्हणून तरी का मानावे?

नॅनो कृषी उत्पादनांसाठी केंद्राने 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सूचना पुरेशा नाहीत, कायदा हवा. विक्रीला परवानगी देण्याआधी फवारणाऱ्याच्या श्वासाची चाचणी, बाटलीवर मराठीत धोक्याची सूचना, संरक्षक साहित्याचा खर्च कंपनी आणि मालकावर, आणि मजुराची मोफत नियमित तपासणी. नफा एकाचा आणि आजार दुसऱ्याचा, ही जुनी जातिव्यवस्थाच आहे. ती नॅनो झाली म्हणून लहान होत नाही.

जयभीम!