तण कोणी ठरवले?

गेल्या श्रावणात आपल्या महाविद्यालयाच्या आवारात राष्ट्रीय सेवा योजनेचे श्रमदान होते. पाहुणे यायचे होते, म्हणून मैदानाच्या कडेचे 'गवत' काढायचे ठरले. आम्ही तीसेक मुलामुलींनी तासाभरात सगळे उपटून टाकले. ढीग खड्ड्याकडे नेत असताना झाडलोट करणाऱ्या मावशींनी आम्हांला अडवले. "थांबा गं पोरींनो, ह्यात भाजी हाय की!" असे म्हणून त्या तिथेच बसल्या आणि ढिगातून निवडू लागल्या. तांदुळजा, केना, घोळ, कोवळा कुर्डू. दहा मिनिटांत त्यांची ओटी भरली. आमच्यातील एकाने हसत विचारले, "मावशी, हे खातात?" मला हसू आले नाही. त्यातली प्रत्येक भाजी मी घरी खाल्लेली होती आणि तरीही उपटताना मी तिला गवतच म्हणत होते.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. तण म्हणजे काय? नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण, अशी व्याख्या केली जाते. पण नको कोणाला? शेतमालकाच्या दृष्टीने बाजरीतला तांदुळजा हे तण आहे. खुरपणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते संध्याकाळचे कोरड्यास आहे. माझी आई खुरपणीला जाते तेव्हा रोजगाराबरोबर पदरात भाजी घेऊन येते. त्या भाजीचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, पण आमच्या घरातली कितीतरी जेवणे तिच्यावर झाली आहेत.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले कमी पावसाचे तालुके. मावळात धो धो पाऊस पडतो तेव्हा आमच्याकडे ढग नुसते तोंड दाखवून जातात. तरीही पहिल्या दोन-तीन सरींनंतर आमचे माळ आणि बांध जे देतात ते पाहण्यासारखे असते. घोळ आणि तिची बारीक पानांची बहीण चिवळ जमिनीला धरून पसरतात. त्यांची पाने मांसल असल्यामुळे उघडीप पडली तरी तग धरतात. घोळ डाळ घालून करतात, चिवळीला पीठ पेरतात, केन्याच्या पानांची भजी होतात. पाथरीची कोवळी पाने भाकरीबरोबर कच्चीच खातात. रब्बीत गव्हाच्या शेतात चाकवत येतो. तो ताकात शिजवावा. आपण जिला पायाखाली तुडवतो ती घोळ भूमध्य समुद्राकाठच्या देशांत आवडीने कोशिंबिरीत घालतात. पालेभाज्यांत क्वचितच आढळणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले तिच्यात चांगल्या प्रमाणात असतात, असे आहारशास्त्र सांगते.

आमची आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. परदेशातून आलेल्या मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नसे, असे ती सांगते. ओढ्याच्या ओलीला कुठे चार पाने दिसली तर ती खुडून मीठ-मिरचीवर परतायची आणि पोरांना घालायची. कुठला पाला खायचा, कुठला खायचा नाही आणि कुठला दोन पाण्यांनी उकळून मगच खायचा, हे तिला तिच्या सासूने शिकवले होते. आजीला सही करता येत नाही. आपण तिला अडाणी म्हणतो.

आपल्या सणांनीही ही ओळख जपली आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा नेम आहे. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते. गणपतीच्या पत्रींत माका, आघाडा, डोरली, रुई, धोतरा ही सगळी रानातली मंडळी आहेत. अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती आपल्याच तालुक्यात आहे, पण या पत्रींपैकी पाच तरी आपल्याला ओळखता येतील का? नवरात्रात घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढते. मुरमाड माळावर, जिथे काही येत नाही, तिथे तरवड फुलतो.

मग हे सारे कमी का होत चालले? माझ्या मामाचे गाव दौंड तालुक्यात, भीमेकाठी, उसाच्या पट्ट्यात आहे. तिथे लहानपणी उसाच्या सरीत आम्ही तांदुळजा खुडायचो. आता तिथे तणनाशक मारतात. उसात सर्रास वापरले जाणारे टू-फोर-डी हे औषध रुंद पानांच्या वनस्पतींना मारते आणि गवताच्या कुळातल्या पिकांना सोडते. ऊस, ज्वारी, बाजरी, गहू ही सारी गवताच्या कुळातली. आणि तांदुळजा, घोळ, चाकवत, पाथरी, कुर्डू ही सारी रुंद पानांची. म्हणजे औषध ज्यांना नेमके शोधून मारते, त्या आपल्या भाज्याच आहेत. दहा-बारा बायकांचे दोन दिवसांचे काम एक पंपवाला न्याहारीपर्यंत उरकतो. बाईचा रोजगार जातो आणि त्याच फवाऱ्यात तिची भाजीही जाते.

हे मी घरी तावातावाने मांडले तेव्हा आई म्हणाली, "तुला काय जातंय सांगाया? एक दिस वाकून खुरप, मंग बोल." तिचे बरोबर आहे. खुरपणीने तिची कंबर गेली आहे. लहान शेतकऱ्याला वेळेवर माणसे मिळत नाहीत आणि मजुरीही परवडत नाही, हेही खरे आहे. तेव्हा तणनाशक बंद करा, अशी घोषणा देऊन टाळ्या मिळवण्याचा मला अधिकार नाही. शिवाय प्रत्येक तण गुणाचे असते असेही नाही. गाजर गवताची आपल्या देशातली नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच झाली. त्याने माळ गिळले, जनावरे त्याला तोंड लावत नाहीत आणि माणसांच्या अंगाला खाज सुटते. ते उपटलेच पाहिजे. पण जखमेवर आपण ज्याचा रस पिळतो तो दगडी पालाही अमेरिका खंडातूनच आलेला आहे. परका म्हणून तो वाईट ठरला नाही. ओळख करून घेऊन मग ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

अलीकडे कृषी विभाग ऑगस्ट महिन्यात रानभाजी महोत्सव भरवतो. ही चांगली गोष्ट आहे. पण जी भाजी बांधावर उरली नाही ती मांडवात किती वर्षे दिसणार? माझ्या मते तीन साध्या गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, आपण बहुतेक शेतकऱ्यांची मुले आहोत. पिकात फवारायचे तर फवारा, पण बांध आणि ओढ्याची कड सोडा, एवढे आपण घरी सांगू शकतो. फवारलेल्या रानातली भाजी खुडू नये, हेही सांगितले पाहिजे. दुसरी, आवाराचा एक कोपरा श्रमदानातून वगळावा. फक्त गाजर गवत काढावे, बाकीचे उगवू द्यावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येकाने आपल्या आजीकडून दहा नावे लिहून आणावीत: कधी उगवते, काय खातात, कसे शिजवतात, कशाशी फसगत होते. जाणकार प्राध्यापकांनी ती तपासून द्यावीत. पुढच्या वार्षिक अंकात ही यादी छापता येईल.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. चार पुस्तके वाचून पुढे जायचे म्हणजे आईला ठाऊक असलेले विसरायचे, असे मला पहिल्या वर्षी वाटत होते. मावशींनी तो ढीग निवडला तेव्हा कळले की त्या सकाळी आम्हां तीस जणांत शिकलेले असे कोणीच नव्हते. येत्या पावसाळ्यात मी वही घेऊन आजीबरोबर बांधावर जाणार आहे. तिचे वय झाले आहे. आपणांपैकी ज्यांच्या घरी अजून आजी आहे, त्यांनीही उशीर करू नये.