बुधवारी वाजलेल्या टाळ्या

२००८ च्या सप्टेंबरात ‘अ वेन्सडे’ पाहिला तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल की याला मिरच्या झोंबल्या.

मुंबईभर बॉम्ब पेरल्याचं सांगून एक साधा माणूस सगळ्या शहराला ओलीस धरतो. त्याला पैसे नकोत, साथीदारांची सुटका नको. पोलिसांच्या ताब्यातले चार अतिरेकी ठार मारायचेत. नसीरुद्दीन शाह यांनी काम असं केलंय की खुर्चीतून हलवत नाही. नीरज पांडे यांना पहिल्याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे तमिळ, तेलुगू रिमेकही आले. दाढी वाढवायला, टोपी घालायला घाबरणाऱ्या माणसाचाही त्यात उल्लेख आहे, त्यामुळे आपल्यापैकी अनेकजण सुखावले.

पण चौघांपैकी तिघे स्फोटात उडतात आणि चौथ्याला गोळी घालायचं काम कुणाकडे येतं? आरिफ नावाच्या इन्स्पेक्टरकडे. निष्ठेचं प्रमाणपत्र आमच्याच हातून लिहून घ्यायची ही जुनी रीत आहे. कमिशनरांनी हा कॉमन मॅन ओळखूनही सोडून दिला, आणि थिएटरात कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

त्या माणसाची तक्रार काय? गुन्हा सिद्ध करायला तुम्ही दहा-दहा वर्षं लावता. त्याच्या रागाच्या मुळाशी ११ जुलै २००६ चे लोकलमधले ७ स्फोट आहेत. आता त्या खटल्याचं बघा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, ५ जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या १२ जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचं मान्य केलं. एकजण २०२१ मध्ये कोविडने कैदेतच गेला होता. निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

सिनेमातले चौघे दोषीच आहेत, कारण लेखकाने तसं लिहिलंय. खऱ्या कोठडीत असा लेखक नसतो, तिथे पोलिसांचा कागद असतो. २००६ च्या मालेगाव स्फोटात मेलेले बहुतेक मुसलमान, आणि आधी पकडलेले ९ जणही मुसलमानच. ते २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. कॉमन मॅनचं ऐकलं असतं तर दहा वर्षं थांबायची गरजच नव्हती.

माझ्याबरोबर तो सिनेमा पाहिलेल्या मित्राने निकालाच्या संध्याकाळी फोन केला. म्हणाला, “अरे, मग बॉम्ब ठेवले कुणी?”

प्रश्न रास्त आहे. लोकलमध्ये ज्यांची माणसं गेली, ते एकोणीस वर्षं हेच विचारतायत. पडद्यावरच्या त्या माणसाला मात्र तो एकदाही पडला नाही, आणि त्या दिवशी टाळ्या वाजवताना आम्हा दोघांनाही.