गैरहजर कोण, हे कोण विचारणार?

संपादक महोदय,


गेल्या अंकात मुंबईच्या उपनगरांतल्या महाविद्यालयीन ख्रिस्ती सेवेचा वार्षिक आढावा वाचला. शिबिरं किती झाली, गीतसंध्येला किती जमले, सगळे आकडे भरघोस. एकाही विद्यार्थ्याशी मात्र त्यात गाठ पडली नाही. असे अहवाल पाच वर्षं मीही लिहिले आहेत, तेव्हा ही तक्रार आधी माझ्याविरुद्धच आहे.

मुळात आपल्याकडे ‘कॅम्पस’ असतो कुठे? वसतिगृह आणि संध्याकाळी हिरवळीवर रेंगाळणारी मुलं, हे चित्र बाहेरून आलेल्या पुस्तिकांतलं. मुलुंड-घाटकोपरच्या पोराचं कॉलेज सकाळी सातला भरतं. दुपारी सुटलं की तो क्लासला नाहीतर कामाला पळतो. त्याला आपण शनिवारी चार वाजता अंधेरीला संयुक्त मेळाव्याला बोलावतो. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो; मेळावा बोरिवलीला असला तर अंधेरीहून पुन्हा लोकल. (२०१४ साली मेट्रो आली म्हणून बरं, आधी दादरच्या पुलावरची रेटारेटी होती.) एवढं करून तो आलाच, तर त्याला खुर्ची मिळते, वडापाव मिळतो. ‘तुझं कसं चाललंय रे?’ असं विचारायला सवड नसते, कारण वक्ते येऊन बसलेले असतात.

आमच्या गटात एक मुलगा ढोलक वाजवायचा. असल्फ्याच्या टेकडीवर राहायचा. एका डिसेंबरात तो यायचा बंद झाला. नाताळ तोंडावर आलेला. मी दुसरा ढोलकवाला शोधला. कार्यक्रम उत्तम झाला, लोकांनी कौतुकही केलं. मार्चमध्ये कळलं की त्याच्या वडिलांचं काम सुटलं होतं, परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला होता आणि तो रात्रपाळीला एका गोदामात पार्सलं लावत होता. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. घर ठाऊक नव्हतं. आमच्या बॅनरच्या खर्चात त्याची परीक्षा फी निघाली असती.

यावर कार्यकर्ते म्हणतील, कार्यक्रमच नसेल तर मुलं भेटायची कुठे? प्रश्न रास्त आहे. १९२४ पासूनची आयकफ घ्या, १९५४ पासूनची यूईएसआय घ्या, या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनांच्या शिबिरांनी माणसं घडवली. माझ्यावरही एका शिबिराचं ऋण आहे. पण त्याचा विषय विचाराल तर मला सांगता येणार नाही. रात्री भांडी घासताना एक दादा शेजारी येऊन बसले आणि माझ्या गणितात नापास होण्याबद्दल तासभर बोलले, ते आठवतं. शिबिर नसतं तर दादा भेटले नसते, हे कबूल. पण त्या तासाला दादांना आढावा बैठकीत अडकवलं असतं तर?

आणि कवी नारायण वामन टिळकांना कोणत्या मेळाव्याने गाठलं होतं? १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. आधी गप्पा झाल्या त्या संस्कृत काव्यावर. नवा करार त्याने नंतर हातात ठेवला. १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आपल्या हजेरीपटात ती भेट कुठल्या रकान्यात बसवणार?

याचा अर्थ मैत्री म्हणजे गळाला लावायचं आमिष, असा कुणी काढू नये. वर्गमित्र आपला धर्म कधीच स्वीकारणार नाही, हे ठाऊक असूनही त्याच्या बाबांच्या ऑपरेशनला रक्त द्यायला जाणं, यालाच मी सेवा म्हणतो.

अजून एक. नगर-जालन्याकडून आलेल्या आपल्या कित्येक घरांत मुलांचा जीव जातीच्या दाखल्यात अडकलेला असतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातींच्या बाहेर राहिला. मग कुठे घरात एक धर्म, कागदावर दुसरा, आणि कॉलेजात कुणी विचारलं तर उत्तर देताना पोटात गोळा. या विषयावर मी एकही बायबल अभ्यास ऐकलेला नाही. ऐकणार कसा? हे पोस्टर लावून निघत नाही. ओळख मुरल्यावर टपरीवर दुसऱ्या चहाला निघतं, आणि आपले कार्यकर्ते पहिल्याच चहाला घड्याळ बघतात.

माझी सूचना अनेकांना आवडणार नाही. एक वर्ष वार्षिक मेळावा बंद ठेवा. एकेका कार्यकर्त्याकडे पाचच विद्यार्थी द्या. अहवालातून उपस्थितीचा रकाना काढा आणि दोन नवे घाला: कोण आलं नाही, आणि त्याच्या घरी कोण जाऊन आलं. असा अहवाल कुणी पाठवला, तर छापायला आपण पान द्याल का?

त्या ढोलकवाल्याच्या घरी मी अखेर गेलो, चार वर्षांनी. आईने चहा केला. तो कामावर गेला होता.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)