औषध आहे, वाट बंद आहे

१९९३ च्या जानेवारीतला दुसरा आठवडा. मुंबईत दंगलीचा दुसरा भडका उडाला होता आणि भायखळ्याजवळच्या आमच्या चाळीभोवती संचारबंदी होती. आईने पहिल्याच संध्याकाळी घरातल्या सामानाची मोजदाद केली. तांदूळ महिन्याचे, डाळ पंधरा दिवसांची, रॉकेल अर्धा डबा. फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेल्या नानांच्या इन्सुलिनच्या बाटलीकडे मात्र कुणाचेच लक्ष गेले नाही. नाना म्हणजे माझे वडील. गिरणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, आणि दहा वर्षांपासून मधुमेही.

त्या बाटलीचा हिशेब अगदी सोपा होता. दहा मिलिलिटरची बाटली, दर मिलिलिटरमध्ये ४० युनिट, एकूण ४००. नाना सकाळी २४ आणि रात्री १२ युनिट घेत. म्हणजे एक बाटली अकरा दिवस पुरे. संचारबंदी लागली त्या दिवशी बाटलीच्या तळाशी साधारण १०८ युनिट उरले होते. बरोबर तीन दिवसांचे. हे मला पाचव्या दिवशी कळले, आणि तेही नानांच्या वहीवरून. ते रोजची मात्रा जुन्या वहीत लिहून ठेवत. पहिल्या दिवसापासून तिथे 'सकाळी १२, रात्री ६' असे आकडे होते. तीन दिवसांचे औषध त्यांनी कुणालाही न सांगता सहा दिवसांचे केले होते. रात्री उठून ते तांब्या तांब्या पाणी पीत होते, वारंवार मोरीकडे जात होते, आणि आम्ही समजत होतो की बाहेरच्या आरडाओरडीने त्यांना झोप लागत नाही.

मी रागावलो. ते म्हणाले, "अरे, तू बाहेर पडला असतास."

त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते, कारण मी खरेच बाहेर पडलो असतो.

नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाचे शटर बंद होते. ते दुकान चालवणारे चाचा कुटुंबाला घेऊन नातेवाइकांकडे निघून गेले होते. त्या दिवसांत त्यांनी आमच्या वस्तीत राहणे शहाणपणाचे नव्हते, हे लिहिताना आजही मान खाली जाते. इन्सुलिन शेवटी आणले ते तळमजल्यावर राहणाऱ्या सिस्टरांनी. त्या महापालिकेच्या रुग्णालयात होत्या आणि कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या रुग्णवाहिकेतून जात-येत. दोन दिवसांची सलग ड्यूटी करून त्या परतल्या तेव्हा त्यांच्या हातात चहाचा थर्मास होता. आत बर्फाचे खडे आणि रुमालात गुंडाळलेली बाटली. रुग्णालयासमोरचे दुकान उघडे होते, असे त्या सहज म्हणाल्या.

म्हणजे मुंबईत इन्सुलिन होते. आमच्या घरापासून दोन-अडीच मैलांवर होते. नव्हता तो फक्त मधला रस्ता.

पुढची नोकरी माझी बँकेच्या परकीय व्यापार विभागात गेली, आणि तिथे या मधल्या रस्त्याचे आणखी एक रूप मला दिसले. हा रस्ता कागदाचा असतो. एका देशातला औषध-आयातदार दुसऱ्या देशातल्या कारखान्याकडून माल मागवतो तेव्हा कारखानदार त्याच्या तोंडाकडे पाहून माल जहाजावर चढवत नाही. आयातदाराची बँक 'लेटर ऑफ क्रेडिट' काढते. आम्ही त्याला एलसी म्हणत असू. माल पाठवल्याची कागदपत्रे बिनचूक सादर करा, पैसे आम्ही देतो, असे ते बँकेचे वचन. आयातदाराचा देश डळमळीत असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. कारखानदार म्हणतो, तुमच्या बँकेच्या वचनावर एखाद्या भक्कम परदेशी बँकेची पुष्टी आणा, नाहीतर आगाऊ पैसे मोजा. माझ्या टेबलावरून असे शेकडो कागद गेले. त्यांतल्या कुठल्या कागदाने कुणाच्या घरातली बाटली भरली असेल, याचा विचार मी तेव्हा फारसा केला नाही. करायला हवा होता.

तो विचार डोक्यात शिरला २०२२ च्या मार्च महिन्यात. श्रीलंकेत कँडीजवळच्या पेरादेनिया येथील मोठ्या सरकारी रुग्णालयाने आधी ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्याची बातमी आली. जी औषधे संपली त्यांत निओस्टिग्माइनचे नाव होते. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाचे स्नायू औषधाने शिथिल करतात. ते पुन्हा कामाला लावण्यासाठी हे इंजेक्शन देतात. औषध जुनेच, सर्वत्र वापरले जाणारे. ते बनवणारे कारखाने बंद पडले नव्हते. श्रीलंका बहुतेक औषधे बाहेरून आणते, त्यातली बरीचशी भारतातून, आणि आपल्याकडे तेव्हा काही दुष्काळ नव्हता. आटले होते ते डॉलर. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथल्या अर्थमंत्र्यांनीच सांगितले की प्रत्यक्ष वापरता येईल अशी परकीय गंगाजळी ५ कोटी डॉलरहूनही कमी उरली आहे. दोन कोटींहून जास्त लोकसंख्येच्या देशाची ही पुंजी! अशा देशाच्या बँकेने दिलेल्या वचनावर सही करताना परदेशी बँकेतला अधिकारी पेन खाली ठेवतो. मीही ठेवले असते.

मौज अशी की पैशाची सोय अगदीच नव्हती असेही नाही. त्याच वर्षी १७ मार्चला भारताने अन्न, औषधे आणि इतर गरजेच्या वस्तूंसाठी श्रीलंकेला १ अब्ज डॉलरची पतमर्यादा दिली. करारावर स्टेट बँकेची सही झाली. आणि मार्च संपण्याआधी पेरादेनियाच्या शस्त्रक्रिया थांबल्या. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला वाटत नाही. पतमर्यादा मंजूर होणे आणि इंजेक्शन वॉर्डात पोचणे यांच्यामध्ये मागणीपत्र, दरपत्रक, गुणवत्तेचा दाखला, बीजक, विमा, जहाज, गोदी आणि ट्रक असे कितीतरी थांबे असतात, आणि प्रत्येक थांब्यावर एक माणूस बसलेला असतो. तो आजारी असेल, घाबरलेला असेल किंवा पेट्रोलच्या रांगेत उभा असेल तर गाडी तिथेच थांबते. जूनच्या अखेरीस श्रीलंकेत पेट्रोल फक्त अत्यावश्यक सेवांसाठी राखावे लागले. जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. दूरचित्रवाणीवर आपण त्या घरातला पोहण्याचा तलाव पाहिला. डायलिसिसच्या दिवशी रुग्णालय कसे गाठायचे या विवंचनेतली माणसे पडद्यावर कमीच दिसली. आपल्या नौदलाचे 'घडियाल' जहाज एप्रिलअखेर औषधे घेऊन कोलंबोला पोचले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण रोजची गोळी काही युद्धनौकेची वाट पाहून घ्यायची नसते.

इराणची कथा याहून चमत्कारिक आहे. अमेरिकेच्या निर्बंधांतून औषधे वगळलेली होती, निदान कागदावर. पण निर्बंध मोडल्याबद्दल २०१४ मध्ये एका फ्रेंच बँकेला अमेरिकेत जवळजवळ ९ अब्ज डॉलरचा दंड भरावा लागला होता. ते पाहिलेला कोणता बँकवाला औषधाच्या चार पैशांच्या कमिशनसाठी जोखीम घेईल? २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेला सांगितले की औषधांच्या वाटेतले अडथळे दूर करा, आणि त्यासाठी लागणारे पैशाचे व्यवहारही मोकळे करा. पैशाचे व्यवहारही! हा शेवटचा भाग सुचणारा न्यायाधीश व्यवहार जाणणारा असावा.

अत्यावश्यक औषधांच्या याद्या सगळ्यांकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची १९७७ पासून आहे, आपली १९९६ पासून. यादीत औषधाचे नाव असते. वाटेवरच्या माणसांचे नसते. आपल्याकडे 'बंद' पुकारताना औषधाची दुकाने वगळल्याचे मोठ्या मनाने जाहीर करतात. पण दुकानातला पोऱ्या डोंबिवलीहून किंवा विरारहून येणार कसा, हे कोणी सांगत नाही. संचारबंदीचा हुकूम टाइप होतो त्याच वेळी औषधविक्रेता, त्याचा नोकर, घाऊक व्यापाऱ्याचा टेम्पोवाला आणि डायलिसिसचा रुग्ण यांचे परवानेही तयार हवेत. चौथ्या दिवशी अर्ज करून ते मिळवण्यात अर्थ नाही. आणि ज्या सरकारला डॉलर संपत आल्याचे दिसते आहे त्याने औषधांपुरते डॉलर आधी बाजूला काढावेत. पगार झाला की आई दुधाचे पैसे वेगळ्या डब्यात टाकत असे, त्यात हे सगळे शास्त्र आले.

घरातल्या साठ्याविषयी मात्र जरा जपून लिहितो. रोज औषध घेणाऱ्याने दोन-तीन आठवड्यांचे जास्तीचे औषध घरी ठेवावे, जुने आधी संपवावे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत पाकिटात ठेवावी. याहून जास्त नको. २०२० च्या मार्चमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कोरोनावर चालते असा बोलबाला झाला आणि ज्यांनी ते कधी घेतले नव्हते त्यांनी दुकाने रिकामी केली. संधिवातासाठी आणि ल्यूपससाठी रोज ती गोळी घेणारे लोक दारोदार फिरले. दंगल नव्हती, नाकेबंदी औषधाची नव्हती, वाट आपणच अडवली होती. माझ्या परिचयातल्या एका सुशिक्षित गृहस्थांकडे त्या गोळ्यांच्या दहा पट्ट्या होत्या. पुढे त्यांची मुदत संपली.

नानांची साखर सावरायला त्या वेळी महिना गेला. फेब्रुवारीत चाचा परतले. त्यांनी शटर उचलले तेव्हा मी समोरच उभा होतो. जाताना त्यांनी मुख्य बटण बंद केले होते, त्यामुळे दुकानातला फ्रिज इतके दिवस बंदच होता. त्यांनी दार उघडले, इन्सुलिनच्या बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या आणि सगळ्या मोरीत रिकाम्या केल्या. मी म्हटले, "चाचा, थंडीचे दिवस होते, थोड्या तरी चालतील." त्यांनी मान हलवली. "साहेब, चालतील की नाही ते तुम्हाला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. नानासाहेबांच्या दंडाला विचारायचे का?" त्या बाटल्यांचे पैसे त्यांना कुणी भरून दिले नाहीत.

नाना जाऊन बरीच वर्षे झाली. चाचाही गेले. आता दुकानात त्यांचा मुलगा बसतो. मी राहायला दुसरीकडे गेलो, तरी रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच आणतो, संपायच्या बारा-पंधरा दिवस आधी. तो पट्ट्या मोजून देतो आणि हसतो. गेल्या खेपेस त्याने मला गल्ल्यामागे बोलावून भिंतीवरचा इन्व्हर्टर दाखवला. तो फक्त फ्रिजसाठी आहे. दुकानातले दिवे त्यावर नाहीत.