दीड माणसाची गाडी

मध्यमवर्गीय घरात एकट्याच्या मालकीची वस्तू सापडणे कठीण. चष्मा आणि दातांचा ब्रश सोडला तर बाकी सगळे सामाईक. वर्तमानपत्र सगळ्यांचे, पंखा सगळ्यांचा, आणि बाबांची आरामखुर्ची बाबा कॉलेजात गेले की मांजराची. स्कूटर तर एकत्र कुटुंबपद्धती डोळ्यांपुढे ठेवूनच घेतली जाई. ती जुनी चेतक आठवा. वडील हँडलवर, त्यांच्या पुढ्यात उभे चिरंजीव, मागे आई, तिच्या मांडीवर धाकटी, आणि हुकाला लटकणारी मंडईतली पिशवी.

अशा परंपरेत वाढलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने पंचेचाळिसाव्या वर्षी यामाहाची 'आर १५' घेतली, तेव्हा बोलवा होणारच. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शेजाऱ्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, "छान आहे. मुलाची का?" मला मुलगा नाही, हे त्यांना अठरा वर्षे ठाऊक आहे.

या गाडीवर बसतात म्हणण्यापेक्षा ओणवतात म्हणणे अधिक शुद्ध. हँडल खाली, पाय मागे, बैठक जमिनीपासून ८१५ मिलिमीटर उंच. शरीराचा भार मनगटांवर टाकायचा नसतो. मांड्यांनी टाकी आवळून धरायची आणि पाठीच्या बळावर पुढे झुकायचे. हे अंगवळणी पडेपर्यंत वर्गात खडूसुद्धा जड वाटतो.

मागची बैठक म्हणजे पाटाचा चतकोर, तोही माळ्यावर ठेवलेला. आमच्या सौभाग्यवती तिच्यावर एकदाच बसल्या, डेक्कनपर्यंत. उतरून म्हणाल्या, "अहो, ही दीड माणसाची गाडी आहे. त्यातल्या अर्ध्यात मला बसवू नका." आणि गंमत अशी, की शर्यतीच्या थाटातल्या या गाडीलाही मागच्या चाकाशी साडी अडकू नये म्हणून जाळी आहे! मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला टेकण आणि निदान निम्मे चाक झाकील असे आवरण हवे, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियमच सांगतात. घोडा शर्यतीचा, पण हळदीकुंकवाला जायची सोय केलेली.

तिला फटफटी मात्र म्हणता येत नाही. 'फटफटी' हा आपल्या भाषेतला मोठा झकास शब्द, आवाजावरूनच घडलेला. चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. जुन्या, संथ गाडीचे इंजिन उभ्या उभ्या मिनिटाला हजारभर फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला आठएक स्फोट. ते कानाला सुटे सुटे ऐकू येतात: फट, फट, फट. ही गाडी मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत चढते, म्हणजे सेकंदाला ८३ स्फोट. कान ते मोजणे सोडून देतो आणि त्यांचा एक सूर होतो.

आणि हे सारे केवढ्याशा जागेत? इंजिनाचे माप १५५ घन सेंटिमीटर. आपल्या चहाच्या कपात मावते तेवढे. त्या कपातून १८ अश्वशक्ती निघतात, पण मागितल्याशिवाय नाही. तीन हजार फेऱ्यांना गाडी शाळेत निघालेल्या मुलासारखी चालते. ७,४०० च्या सुमारास आतला कॅम बदलतो, हवा घेणाऱ्या झडपा जास्त उघडू लागतात, आणि मग त्याच मुलाला सुट्टीची घंटा ऐकू येते. हजार सीसीच्या आडदांड गाडीची बहुतेक ताकद आपल्या रस्त्यांवर नुसती बाळगायची असते. छोट्या गाडीची सगळी वापरता येते, हे तिचे मोठे सुख.

ते सुख मला भेटते ते वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात, रविवारी सकाळी. तिथे दोन गोष्टी पक्क्या कळतात. डावीकडे वळायचे तर डाव्या हाताची मूठ किंचित पुढे ढकलावी. गाडी डावीकडेच कलते. ऐकायला उफराटे, करायला सोपे. दुसरे, नजर जिथे, गाडी तिथे. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो. वळणाच्या पलीकडे पाहणारा वळण पार करतो. त्या अर्ध्या तासात मला ना तपासायचे पेपर आठवतात, ना विभागाची बैठक.

आईला हे सारे काय सांगणार? तिचे एकच वाक्य ठरलेले: "पोचलास की फोन कर." मीही एकच उत्तर देतो: "अगं, मी सांभाळून चालवतो."

गेल्या जूनमध्ये कन्येला अठरा पूर्ण झाली. शिकाऊ परवाना हातात नाचवीत ती म्हणाली, "बाबा, मला स्कूटर नको. तुमची गाडी शिकवा." स्वतःच्या जिवाचा हिशेब माणूस फार उदारपणे मांडतो, मुलीचा मांडताना त्याच आकड्यांनी हात थरथरतो. मी वाळू सांगितली, उलट्या दिशेने येणारे रिक्षावाले सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "अहो बाबा, मी सांभाळून चालवीन." माझेच वाक्य, माझ्याच चालीवर.

तेव्हा अटी घातल्या. आधी तिच्या मापाचे हेल्मेट. (२०१९ साली हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात मोर्चा निघाला होता. तर्कशास्त्रावर पुणेकरांचे प्रेम आहे, पण ते डोक्याच्या आतल्या.) मग एका मोकळ्या मैदानावर आठ रविवार, आणि त्यांतले पहिले तीन फक्त थांबण्याचे. आपल्याकडे सायकलीपासून धाक असतो, "पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर पडशील." वस्तुतः ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवायचे बरेचसे काम पुढचाच ब्रेक करतो, मात्र तो एकदम ओढायचा नाही, लिंबू पिळावे तसा दाबत न्यायचा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. जोरात ब्रेक लागला तरी ते चाक जाम होऊ देत नाही, पण वळणावरची वाळू काही ते झाडून देत नाही.

गाडी उभी असताना तिचा एकाच पायाचा चवडा जमिनीला टेकतो. तरी चौथ्या रविवारी तिने गाडी वीस वेळा थांबवून दाखवली, एकदाही बंद पडू न देता. एकविसाव्यांदा ती थांबली नाही. मैदानाला सावकाश पूर्ण फेरी घालून आली. मी तिच्याबरोबर कडेकडेने पळत होतो. का, ते सांगता येत नाही.

सौभाग्यवती कठड्यावर बसून चहा पीत होत्या. मी धापा टाकीत जवळ आलो तशा म्हणाल्या, "अहो, पळता कशाला? त्या मागच्या अर्ध्या जागेवर आता तुम्ही बसा."